लायन्सच्या ड्राफ्टची फेरतपासणी

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉईट लायन्स संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकावर जामीर गिब्स हा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) घेतला आणि अठराव्या क्रमांकावर जॅक कॅम्बेल हा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला). दुसऱ्या दिवशी सकाळी अनेक क्रीडापंडितांनी लायन्सना तळाच्या संघांत नेऊन बसवलं. त्यांचं म्हणणं, या दोन्ही जागांचे खेळाडू पुढच्या फेऱ्यांत स्वस्तात मिळतात, पहिल्या फेरीची निवड त्यांच्यावर उधळायची नसते. तोवर या दोघांपैकी एकानेही व्यावसायिक सामन्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

हे दरवर्षी होतं. ड्राफ्ट संपून दिवस उलटायच्या आत बत्तीसही संघांचे गुण जाहीर होतात. मला हे मनापासून खटकतं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांची निवड करणं ही मोठी जबाबदारी आहे आणि तिचं मूल्यमापनही तितक्याच जबाबदारीने व्हायला हवं. आमच्या मित्रमंडळींनी त्यासाठी एक पद्धत बसवली आहे. ती कशी चालते आणि तिच्यातून आम्हाला काय दिसलं, ते सांगतो.

गाड्यांच्या कारखानदारीमुळे डेट्रॉईटच्या आसपास नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या भागांत मराठी घरं भरपूर आहेत. मीही पुण्याहून त्याच कामासाठी इथे आलो. आमच्या गटात मंडळातले काही मित्र, ऑफिसातले दोघं-तिघं आणि माझ्या शेजारचे एक आजोबा आहेत. आजोबांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर गेलं. लायन्सवरची त्यांची माया त्याहूनही जुनी.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेजात खेळलेली मुलं व्यावसायिक संघांत येतात ती ड्राफ्टमधून. बत्तीस संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याला पहिला मान, विजेत्याला शेवटचा. आयपीएलच्या लिलावात पैसे जास्त असणारा खेळाडू पळवतो, इथे पैशाची बोली नसते, इथे खरं चलन म्हणजे तुमचा नंबर. तो नंबर तुम्ही दुसऱ्या संघाला देऊ शकता, त्याच्याकडून घेऊ शकता, पुढच्या वर्षीचा नंबर आजच गहाण टाकू शकता. त्यामुळे 'खेळाडू चांगला निघाला का' एवढंच विचारून भागत नाही. त्याच्यासाठी काय मोजलं, हेही विचारावं लागतं.

ड्राफ्टच्या रात्रीची मतं लिहून ठेवायच्या वहीची कल्पना आजोबांची. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅड होम्स लायन्सचे जनरल मॅनेजर झाले, डॅन कॅम्बेल प्रशिक्षक झाले आणि बारा हंगाम संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) असलेला मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. बदल्यात जॅरेड गॉफ आला, २०२१ ची तिसऱ्या फेरीची एक निवड आली आणि २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आल्या. आम्ही सगळे भविष्याची गणितं मांडत होतो. आजोबा मात्र लायन्सचे पूर्वीचे प्रमुख मॅट मिलन यांच्या काळाबद्दल बोलायला लागले. २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये सातव्या क्रमांकावर रॉय विल्यम्स, २००५ मध्ये दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्स. सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब पास झेलणारा खेळाडू. रॉजर्स तर इथलाच, मिशिगन स्टेटचा. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणाले आजोबा, आणि मी पण वाजवल्या. २००८ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. मग ते म्हणाले, या वेळी ड्राफ्टच्या रात्री तुम्हाला काय वाटतं ते लिहून काढा, सही करा आणि माझ्याकडे द्या. तीन हंगाम झाल्याशिवाय मी परत देणार नाही.

तीन हंगाम का, तर पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि तिसरा हंगाम संपला की संघाला पाचव्या वर्षाबद्दल ठरवावं लागतं. म्हणजे संघ स्वतःही साधारण तेव्हाच निकाल लावतो.

आमची रीत अशी. ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने संघाच्या तीन गरजा लिहायच्या. प्रत्यक्ष रात्री, लायन्सची निवड जाहीर झाली की पुढच्या संघाचं घड्याळ संपायच्या आत पान भरायचं. पहिल्या फेरीत संघाला तेव्हा दहा मिनिटं मिळायची, दुसरीत सात, पुढे पाच आणि शेवटच्या फेरीत चार. तेवढाच वेळ आम्हालाही. पानावर सुरुवातीला तीन रकाने होते: गरज, किंमत, खेळाडू. खाली दोन ओळी कारणाच्या. कारण लिहिलं नसेल तर गुण बाद. या एका नियमाने फार फरक पडला. नुसतं 'मस्त' किंवा 'वाया गेली' लिहून सुटता येत नाही. 'याचे पाय जलद आहेत, पण बॉल हवेत असताना तो मागे वळून बघत नाही' असं काहीतरी लिहावंच लागतं आणि त्यासाठी एप्रिल उजाडायच्या आधी कॉलेजचे सामने बघावे लागतात.

किमतीच्या रकान्यासाठी आम्ही जिमी जॉन्सन यांचा तक्ता वापरतो. ते डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक असताना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा तक्ता तयार झाला. प्रत्येक नंबराला गुण आहेत: पहिल्याला ३०००, बाराव्याला १२००, बत्तिसाव्याला ५९०, असे उतरत जातात. आता त्याहून नवे तक्ते आहेत आणि जुना तक्ता वरच्या नंबरांना अवाजवी भाव देतो हा आक्षेप मला पटतो. पण सगळ्यांना पाठ असलेलं एकच माप हातात असलं की वाद लवकर मुद्द्यावर येतो.

उदाहरणार्थ, २०२३ ची ती बदनाम पहिली फेरी. रॅम्सकडून आलेली निवड सहाव्या क्रमांकाची होती. होम्सनी ६ आणि ८१ हे नंबर ॲरिझोनाला दिले आणि १२, ३४, १६८ घेतले. तक्त्याप्रमाणे दिले १७८५, मिळाले जवळजवळ तितकेच. बाराव्यावर गिब्स आला, चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा हा टाइट एंड (प्रतिस्पर्ध्याला अडवणारा आणि पासही झेलणारा). लापोर्टाने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेतले. पदार्पणाच्या वर्षात तोवर कुठल्याही टाइट एंडने इतके घेतले नव्हते. पंडितांनी बारावी निवड वेगळी काढून तपासली, पण ती एका मोठ्या व्यवहाराचा तुकडा होती. स्टॅफर्डपासून निघालेला धागा गिब्स आणि लापोर्टापर्यंत येतो. तो सलग धरल्याशिवाय त्या रात्रीचं मोल कळत नाही.

त्या रात्री आमच्या 'गरज' रकान्यात गिब्सला जवळपास सगळ्यांनी शून्य दिलं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. महिनाभर आधीच संघाने डेव्हिड मॉन्टगोमरी हा रनिंग बॅक करारबद्ध केला होता, डिआंद्रे स्विफ्टही होता. दोन दिवसांत स्विफ्टला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. दुसऱ्या हंगामात, २०२४ मध्ये, गिब्सने धावून १,४१२ यार्ड आणि १६ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) केले, झेल धरून एकूण २०. माझ्या मुलीने तेव्हापासून हट्ट धरला की 'गरज' हा रकानाच काढा. तिचा मुद्दा असा, की गरज आजची असते आणि खेळाडू चार वर्षांसाठी घेतलेला असतो, तोवर गरजा दोनदा बदलतात. मला तिचं म्हणणं अर्धं मान्य आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत गरजेला कमी वजन द्यावं, पण संघात कॉर्नरबॅकच, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटूच, नसेल तर ते डोळ्याआड कसं करायचं? शेवटी रकाना राहिला, त्याचं वजन निम्मं झालं.

कॉर्नरबॅकचं म्हणतो त्याला कारण आहे. २८ जानेवारी २०२४ ला सँटा क्लारामध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध खेळताना लायन्स सुपर बोलपासून, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापासून, एक सामना दूर होते. मध्यंतराला २४-७ ने पुढे. मग उत्तरार्धात एक लांब पास लायन्सचा कॉर्नरबॅक किंडल विल्डोर याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन आयुकने तो जमिनीला लागायच्या आत पकडला. सामना ३४-३१ असा गेला. एका पासमुळे सामना जात नाही हे मला माहीत आहे, पण त्यानंतर तीन महिने डेट्रॉईटमध्ये कॉर्नरबॅक सोडून दुसरा विषय नव्हता.

आणि तो ड्राफ्ट आमच्याच गावात भरला. २५ एप्रिल २०२४, कॅम्पस मार्शस चौकात मंच, नदीकाठी हार्ट प्लाझामध्ये चाहत्यांसाठी खेळ आणि प्रदर्शनं. तीन दिवसांत ७,७५,००० हून अधिक माणसं आली. आधीचा उच्चांक २०१९ च्या नॅशव्हिलचा, ६,००,०००. ज्या शहराच्या ओस पडलेल्या इमारतींचे फोटो जगभर छापून आले, त्या शहराच्या रस्त्यांवर निळे-रुपेरी जर्सीवाले खांद्याला खांदा लावून उभे होते. आजोबांना त्या गर्दीत नेता आलं नाही, ते घरी टीव्हीसमोर बसले आणि आम्ही फोनवर.

वही नेली होती खरी, पण पान भरायला जागा कुठली? एका मित्राच्या पाठीवर वही टेकवून मी लिहीत होतो. पहिल्या चौदा निवडी एकजात आक्रमणाच्या खेळाडूंच्या झाल्या, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले. याचा अर्थ एकच होता, बचावाची चांगली मुलं खाली सरकत होती. पहिला कॉर्नरबॅक, क्विन्यॉन मिचेल, बाविसाव्याला फिलाडेल्फियाने घेतला. लायन्सचा नंबर २९ वा, म्हणजे तोवर दुसरा कुणी उरेल की नाही याची धाकधूक. तेवढ्यात पडद्यावर आलं, लायन्सनी डॅलसबरोबर व्यवहार केला आणि ते चोविसाव्यावर आले. चौकात जो आवाज झाला तो छातीत बसला. अलाबामाचा टेरियन अर्नोल्ड. तो ड्राफ्टला स्वतः हजर होता, त्यामुळे संघाच्या घरच्या गर्दीसमोर टोपी घालून मंचावर आला.

लिहायला मात्र मी मन आवरून बसलो. किंमत: २९ आणि ७३ दिले, म्हणजे ६४० अधिक २२५, एकूण ८६५. मिळाला २४ वा नंबर, ७४०, आणि पुढच्या वर्षीची सातव्या फेरीची एक निवड. तक्त्यापेक्षा शंभरावर गुण जास्त मोजले. मी किमतीत दहापैकी पाच दिले, खेळाडूत आठ आणि कारणात लिहिलं: 'रिसीव्हरच्या अंगाला चिकटून खेळतो, हात फार वापरतो, पंच कडक असले तर सुरुवातीला त्रास होईल.' शेजारी उभा असलेला नागपूरचा मित्र मला म्हणाला, "अरे, आज तरी दहा दे ना!" त्याने दिले. ती पानं आजोबांच्या कपाटात आहेत. अर्नोल्डला पदार्पणाच्या काही सामन्यांत पेनल्टीमागून पेनल्टी बसल्या आणि पुढे तो सावरला, तरी पान उघडायचं नाही म्हणजे नाही.

२०२२ चं पान उघडलं ते २०२५ च्या वसंतात. २०२१ चं आदल्या वर्षी उघडलं होतं, पण त्यात भांडण्यासारखं थोडं होतं. सातव्या क्रमांकाचा पेने सूएल आणि चौथ्या फेरीत ११२ वा आलेला आमन-रा सेंट ब्राउन हे दोघं २०२३ मध्ये लीगभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात (ऑल-प्रो) निवडले गेल्यावर वाद कसला घालणार? सेंट ब्राउनच्या आधी सोळा रिसीव्हर गेले होते आणि त्या सोळाही जणांची नावं तो आजही क्रमाने म्हणून दाखवतो. २०२२ ची गोष्ट अवघड होती.

फेरतपासणीत आम्ही दोन वेगळे गुण देतो, निर्णयाचा आणि निकालाचा. निर्णयाचा गुण त्या रात्री जे माहीत होतं तेवढ्यावरच द्यायचा. नंतर काय घडलं ते तिथे आणायचं नाही. निकालाच्या गुणात मैदानावर जे झालं तेवढंच. ही दोन मापं एकत्र कालवली की माणूस नशिबाला शहाणपण समजतो, असं मला ठाम वाटतं आणि या एका गोष्टीसाठी मी गटात सगळ्यांत जास्त भांडलो आहे.

दुसऱ्या क्रमांकाचा एडन हचिन्सन याच परिसरात वाढलेला, ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेला. पहिल्या हंगामात साडेनऊ सॅक (पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), दुसऱ्यात साडेअकरा, तिसऱ्यात पाच सामन्यांत साडेसात आणि मग १३ ऑक्टोबर २०२४ ला डॅलसमध्ये पाय मोडला. निर्णयात सगळ्यांचे दहा. निकालात दुखापतीचे गुण कापायचे का, यावर बराच खल झाला. ठरलं असं की खेळताना झालेल्या दुखापतीचा ठपका निर्णयावर नाही, निकालात मात्र खेळलेले सामनेच मोजायचे. हचिन्सनला तसे नऊ मिळाले.

खरी चुरस दोन पानांवर झाली. एक जेमिसन विल्यम्सचं, बारावी निवड. दुसरं जेम्स ह्यूस्टनचं, २१७ वी.

विल्यम्ससाठी होम्सनी मिनेसोटाशी, म्हणजे लीगमध्ये लायन्सच्याच विभागातल्या प्रतिस्पर्ध्याशी व्यवहार केला होता. ३२, ३४ आणि ६६ देऊन १२ आणि ४६ घेतले. तक्त्यावर १४१० देऊन १६४० मिळाले. किमतीत वाखाणण्यासारखं. पण त्याच जानेवारीत कॉलेजच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे पहिला हंगाम बहुतेक जाणार, हे निर्णयातच धरायला हवं. तसंच झालं. पहिल्या वर्षी एकच झेल, ४१ यार्डांचा, तोही टचडाऊन. दुसऱ्या वर्षी सट्टेबाजीच्या नियमभंगाबद्दल निलंबन, आधी सहा सामन्यांचं, नंतर चारवर आलेलं. तिसऱ्या वर्षी १,००१ यार्ड. पान पहिल्या वर्षानंतर उघडलं असतं तर तो नापास, तिसऱ्यानंतर तो प्रथम श्रेणीत.

ह्यूस्टनचं नेमकं उलट. सहाव्या फेरीच्या शेवटाकडे घेतलेलं नाव, जॅक्सन स्टेटसारख्या लहान कॉलेजचा. थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात पदार्पण, पहिल्याच दिवशी दोन सॅक आणि हंगामअखेर सात सामन्यांत आठ. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणांनी त्याला ड्राफ्टमधला सर्वोत्तम ठरवून टाकलं होतं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच घोटा दुखावला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला सोडलं. नागपूरचा मित्र म्हणाला, म्हणजे निवड फसली. आजोबांनी टेबलावर हात आपटला. २१७ व्या क्रमांकाला तक्त्यात जेमतेम किंमत आहे, ते म्हणाले, तिथे घेतलेली कितीतरी मुलं एकही सामना न खेळता घरी जातात आणि या पोराने आपल्याला सात सामने स्वप्नासारखे दिले. निर्णयात त्याला साडेआठ मिळाले. निकालात पाच, त्याहून वर कुणी न्यायला तयार नव्हतं, आजोबाही नाही.

तिसऱ्या फेरीतल्या कर्बी जोसेफवर, ९७ वी निवड, एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या हंगामात ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याचे तीन पास त्याने पळवले. रॉजर्सने पॅकर्ससाठी फेकलेला शेवटचा पासही त्यानेच हवेत टिपला. २०२४ मध्ये असे पळवलेले पास (इंटरसेप्शन) नऊ, लीगमध्ये सर्वांत जास्त. सहाव्या फेरीतल्या माल्कम रॉड्रिगेझचं पानही गोड निघालं. ४६ व्या क्रमांकाच्या जॉश पास्कलवर मात्र फारसं कुणी बोललं नाही, सहा गुण देऊन पुढच्या पानावर.

त्याच बैठकीत २०२४ च्या पानांचा विषय निघालाच. २१० व्या क्रमांकाचा ख्रिश्चन महोगनी वॉशिंग्टनविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात आक्रमणाच्या पुढच्या फळीत गार्ड म्हणून सुरुवातीपासून खेळला होता, त्यामुळे काहींचे हात शिवशिवत होते. पण मला बोलायचं होतं जिओव्हानी मानूबद्दल. टोंगामध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाचा हा सहा फूट सात इंची टॅकल, त्याच फळीत कडेला खेळणारा. त्याच्यासाठी १२६ वा नंबर घेताना होम्सनी २०२५ ची तिसऱ्या फेरीची निवड न्यूयॉर्क जेट्सना देऊन टाकली. पहिल्या हंगामात तो मैदानावर जवळजवळ दिसलाच नाही, ते अपेक्षितच होतं, कॅनडाच्या विद्यापीठातून या लीगमध्ये येणं म्हणजे फार मोठी उडी. माझा आक्षेप खेळाडूवर नाही. जोसेफ तिसऱ्या फेरीतच सापडला होता, अलीम मॅकनीलही तिथलाच. ज्या फेरीत होम्स यांची नजर इतकी पक्की आहे, तिथलाच नंबर त्यांनी सोडावा, हे मला पटत नाही.

आजोबांचं मत वेगळं. एवढ्या देहाचा, एवढा चपळ मुलगा वर्षातून एखादाच दिसतो, तो दिसला तर उद्याचं उद्या बघावं, असं ते म्हणतात. आम्ही दोघांनी आपापली कारणं त्याच्या पानाच्या मागे लिहून सह्या केल्या आणि आजोबांनी पाकीट बंद केलं. २०२६ चा हंगाम संपेपर्यंत ते तसंच राहील.